पुण्याहून बाईकने गोव्याला जाताना बेळगावहून कुठला घाट घ्यावा? सर्वांत देखणा रस्ता कुठला?

तुम्ही लिहिलंय की दोघे मित्र, दोन साडेतीनशे सीसीच्या गाड्या, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, जाताना बेळगावात एक मुक्काम. नकाशा चोर्ला, अनमोड आणि आंबोली असे तीन घाट दाखवतो आणि तिन्हीखाली लोकांनी 'स्वर्ग' म्हणून लिहून ठेवलंय, मग निवडायचं कसं?

मी बेळगावचा. शेतीपंपांच्या सुट्या भागांचा माझा धंदा आहे, त्यामुळे खानापूर आणि चंदगड तालुक्यांत वीसेक वर्षं दुचाकीवरूनच फिरतोय. आधी दीडशे सीसीची गाडी होती, आता तिच्यापेक्षा थोडी मोठी. हौसेने कमी आणि वसुलीसाठी जास्त फिरलोय, हेही सांगून टाकतो.

माझं म्हणणं असं की घाटावरून रस्ता निवडू नका. मागच्या सीटवर बसणाऱ्याला घाट दिसतो, चालवणाऱ्याला दिसतं ते पुढचं वळण, त्यातली खडी आणि समोरून आपल्या बाजूला घुसलेली मोटार. घाटात दरी बघत गाडी चालवणारे लोक मी पाहिलेत, त्यातल्या दोघांना उचलायलाही मदत केलीय. आपल्याला बघायला मिळतं ते घाटाच्या अलीकडचं, माथ्यावरचं चाळीस-पन्नास किलोमीटर. म्हणून घाटापर्यंतची वाट कशी आहे ते बघा. त्या हिशोबाने जाताना चोर्ला आणि येताना आंबोली.

बेळगावातून जांबोटीचा रस्ता पिरनवाडीवरून फुटतो. सकाळी साडेसहा-सातला निघा, त्याआधी नको. का, ते पुढे सांगतो. पहिले पाच-सात किलोमीटर गोदामं, गॅरेजं, लग्नाची कार्यालयं, काही नाही. किणये मागे पडलं की मात्र बघत राहा. बेळगावच्या पूर्वेला काळी जमीन, ज्वारी, कापूस, मोकळं आभाळ. इथे तासाभरात माती लाल होते, घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या होतात, छपरं उतरती होत जातात आणि शेतात ज्वारीच्या जागी भात येतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते भात पिकून पिवळं झालेलं असतं, काही ठिकाणी कापणी चालू. मधल्या माळांवर रताळ्याचे वेल. बेळगावची रताळी पार लांबच्या बाजारांत जातात, ती इकडचीच. एवढ्या थोड्या अंतरात मुलूख बदलताना दिसणारा दुसरा रस्ता आमच्या जिल्ह्यात नाही.

जांबोटीला चहा घ्या. जवळच हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रालगत स्वयंभू मारुतीचं देऊळ आहे, पावसाळ्यात नदी चढली की देवच पाण्याखाली जातो. नोव्हेंबरात पाणी उतरलेलं असतं, दगडांवर बसून पाय सोडता येतात. अर्धा तास तिथे गेला तर गेला.

पुढे कणकुंबी. गावातल्या माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. हीच नदी पुढे खानापूर, सौंदत्ती करत तीनशे किलोमीटर पूर्वेला जाते आणि कुडलसंगमला कृष्णेत मिळते, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि इथून जवळच्याच डोंगरांतून निघणारी म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. तुमची गाडी त्या दोन पाण्यांच्या मधल्या धारेवरून जात असते, रस्ता सपाट वाटतो म्हणून कळत नाही इतकंच. कर्नाटक आणि गोव्याचं म्हादईवरून जे भांडण पेपरात वाचता, ते पश्चिमेला जाणारं पाणी कळसा नाल्यातून मलप्रभेकडे वळवण्याचं. लवादाचा निवाडा २०१८ मध्ये आला, भांडण अजून मिटलेलं नाही. कणकुंबीत कालव्याचं खोदकाम दिसेल. फोटो काढायला फार सुंदर नाही, पण बघून घ्या.

कणकुंबीच्या पुढे जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं आणि मोबाइलची रेंज जाते. टाकी बेळगावातच भरून घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. चोर्ला गावाच्या आसपास कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशी तिन्ही राज्यं एकमेकांना लागून आहेत. मग उतार सुरू. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, तिथे गाडी बाजूला लावून पोटभर बघा. चालवताना नको. खाली केरी, मग साखळी, आणि गोवा आला.

आता साडेसहाच्या आधी निघू नका असं का म्हणालो. घाट पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन डोंगरापलीकडे असतं, रस्ता ओला आणि धुकं बसलेलं. माथ्यावर रमतगमत दहापर्यंत घाटात पोचलात तर धुकं विरलेलं असतं आणि सूर्य पाठीशी. उलट दुपारी तीननंतर उतरलात तर सूर्य सरळ डोळ्यात येतो आणि झाडांच्या सावलीतले खड्डे दिसत नाहीत. पश्चिमेला जाणं सकाळी आणि पूर्वेला परतणं दुपारी, हा आमचा साधा नियम. धंद्यात उशीर झाला म्हणून मी तो मोडलाय, आणि दर वेळी हेल्मेटच्या काचेला शिव्या घातल्यात.

अनमोडबद्दल थोडक्यात. बेळगाव ते खानापूर चौपदरी झालाय, तिथून लोंढा, रामनगर आणि मग घाट. ट्रकचा रस्ता आहे. त्या घाटातून दूधसागर धबधबा दिसतो अशी पुण्या-मुंबईच्या लोकांची समजूत असते. दिसत नाही. त्या घाटात दूधसागर नावाचं देऊळ आहे, धबधबा नव्हे. अनमोडला जायचंच असेल तर खानापूरहून हेम्माडग्यावरून अनमोडला निघणारा जंगलातला रस्ता आहे. तो मला या सगळ्यांत जास्त आवडतो, तरी तुम्हाला सुचवत नाही. भीमगड अभयारण्यातून जातो, अरुंद आहे, काही ठिकाणी डांबर नावाला. गवे आडवे येतात, अस्वलंही आहेत. इथल्या बारापेडे गुहांत राउटन्स फ्री-टेल्ड नावाचं वटवाघूळ राहतं, बराच काळ ते जगात फक्त इथेच माहीत होतं. त्या गुहा बघायला मिळत नाहीत, पण ते तिथे आहे हे ठाऊक असलं की रस्ता वेगळा वाटतो. नवख्या माणसाने इथे यायचं तर स्थानिक सोबत हवा, दिवसाउजेडी यावं आणि तिशीच्या वर वेग नसावा. तुम्ही चार दिवसांत पुणं-गोवा-पुणं करणार, तिशीच्या वेगाने जायला तुम्हाला वेळ कुठे आहे?

खानापूरकडे गेलातच तर नंदगडवरून हलशीला जा. कदंबांची जुनी राजधानी, भूवराह नरसिंहाचं दगडी देऊळ, आणि बहुतेक वेळा तिथे तुम्ही आणि पुजारी एवढेच. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली, त्याची समाधी रस्त्यालगतच्या गावातच आहे.

तिलारी घाटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगेलच, 'अंतर वाचतं' म्हणून. मीही तसाच गेलो होतो. बायको मागे, दोन पिशव्या, दोडामार्गला पाहुण्यांकडे. तिलारीनगरच्या पुढे जो उतार लागतो तो उतार नव्हे, जिना आहे. मी मागचा ब्रेक दाबून धरून उतरत गेलो. चौथ्या-पाचव्या वळणाला जळका वास आला आणि पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर नुसतं खाली गेलं. पहिल्या गिअरमध्ये गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि थांबलो. बायको उतरली, पिशव्या घेतल्या, आणि काही न बोलता घाट चालत उतरायला लागली. अर्ध्या तासाने ब्रेक गार झाल्यावर मी पहिल्या गिअरमध्येच खाली पोचलो, तेव्हा ती एका दगडावर माझी वाट बघत बसली होती. "येताना आंबोलीवरून जाऊ," एवढंच म्हणाली. तेव्हापासून येताना आंबोलीच.

तर परतीचं. गोव्यातून दुपारी जेवून निघा, बांदा, मग दाणोलीवरून आंबोलीचा चढ. ऊन पाठीमागे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नोव्हेंबरात धबधबे बारीक झालेले असतात, पण गर्दीही गेलेली असते. मुक्काम तिथेच करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेला जायचंय, म्हणजे मी वर सांगितलेला नियम मोडतो, पण इथे घाट मागे पडलाय, उघड्या माळावरचं ऊन सोसतं. नऊला निघालात तर तेवढंही लागत नाही.

आंबोलीहून बेळगावला परत येण्याचं कारण नाही. एक रस्ता कानूर, पाटणे फाटा, शिनोळीवरून बेळगावला येतो, माझा रोजचाच. शिनोळीला महाराष्ट्र संपतो आणि डांबर बदलतं. पण तुम्ही आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला निघा. पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी या सगळ्या वाटेने तुमच्या आगेमागे असते. आधी नांगरतासला खडकात घुसते, मग आजऱ्याला रामतीर्थावर पसरते, गडहिंग्लजला उसाच्या मळ्यांत हरवते, आणि पुढे घटप्रभेला मिळते. जाताना जांबोटीवर लाल होत गेलेली माती इथे उलट क्रमाने काळी होत जाते. आजऱ्यात घनसाळ तांदूळ विकत घ्या, पिशवीत जागा ठेवा.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही नकाशावर मिळणार नाहीत.

एक, तारीख. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो. बेळगावात त्याची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते, आणि आम्ही मराठी माणसं त्याच दिवशी काळा दिन पाळून फेरी काढतो. शहरातले मुख्य रस्ते बंद, लॉज भरलेले, बंदोबस्त. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी घेऊन त्या संध्याकाळी शहरात शिरण्यात काही शहाणपण नाही. एरवी कुणी काही म्हणत नाही, माझे निम्मे गिऱ्हाईक कानडी आहेत आणि उधारी दोन्ही भाषांत सारखीच थकते. पण त्या दिवशी निपाणीला मुक्काम करा किंवा ३ तारखेला या. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस सीमेवर थांबवतात, तेव्हा निघण्याआधी सकाळी बातम्या बघा. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन बेळगावात असतं, तेव्हाही खोली मिळणं मुश्कील.

दुसरं, ऊस. नोव्हेंबरात कारखाने सुरू होतात. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड या सगळ्या पट्ट्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस जातो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असलाच तर पाल्याने झाकलेला. अंधारात त्या ट्रॉलीचा शेवट दिसतो तो दहा फुटांवर. आणि गावांजवळ रस्त्यावरच भाताची मळणी घालतात, त्या पिंजरावर, म्हणजे भाताच्या वाळल्या काडावर, पुढचा ब्रेक दाबलात तर गाडी आडवी झालीच समजा. सहानंतर त्या भागात गाडी चालवायची नाही, एवढं दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

पुणे ते बेळगाव मात्र सरळ महामार्गाने या, साडेतीनशेच्या आत आहे आणि दुचाकीला टोल नाही. तिथे निसर्ग शोधू नका. निपाणीच्या पुढचा तवंदी घाट बरा आहे, पण तो पाच मिनिटांत संपतो. कुणी गोकाक धबधब्याचा फाटा सुचवेल. ५२ मीटरचा आहे, झुलता पूल आहे, जरूर बघण्यासारखा, पण ऑगस्टमध्ये. नोव्हेंबरात बरेचदा काळा खडकच जास्त दिसतो.

आणि कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, जातानाच घ्या, पहिल्या रात्री, कारण परत येताना तुम्ही बेळगावला शिवणारच नाही. दोन दिवस टिकतो. गोव्यात पोचेपर्यंत उरला तर.