वजन कमी करायचं तर फक्त कॅलरीच बघायच्या का?

दिवाळी झाली की वजनाची पत्रं येतात, तशी यंदाही आली. बरीचशी एकाच मुद्द्याभोवती होती म्हणून त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नव्हता.

प्रश्न (नाशिक, बँकेत नोकरी, वय ४१): ताई, मोबाईलवर ॲप टाकलंय, त्याने मला दिवसाला १२०० कॅलरी ठरवून दिल्यात. मी सगळं प्रामाणिकपणे टाकते. सुरुवातीला वजन झरझर उतरलं, आता काटा हलायचं नाव घेत नाही. मिस्टर म्हणतात आकडा बसतोय ना मग वडापाव खा नाहीतर भाकरी खा, शरीराला काय कळतंय. जाऊबाईंचं दीक्षित सरांचं दोन वेळचं जेवण चालू आहे, त्यांच्या मते कॅलरी मोजणं हा टाइमपास, सगळा खेळ इन्सुलिनचा. आणि मैत्रीण ऋजुता दिवेकरांचं ऐकते, थोडं थोडं खाते आणि वर बिनधास्त तूप घेते. तिघांचंही कमी झालंय, माझंच का नाही?

उत्तर: आधी मिस्टरांचं बघू, कारण नुसत्या काट्यापुरतं बोलायचं तर ते बरोबर आहेत. २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचे पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हाउब यांनी हे करूनच दाखवलं होतं, १० आठवडे मुख्यतः पाकिटातले क्रीमवाले केक, चिप्स, बिस्किटं असलं खाल्लं पण दिवसाला १८०० कॅलरीच्या वर गेले नाहीत, आणि जवळजवळ १२ किलो उतरवले. लोक इथपर्यंत वाचतात आणि खूश होतात. ते रोज प्रोटीन शेक घेत होते, व्हिटॅमिनची गोळी घेत होते, थोडी भाजीही खात होते, हे कोणी सांगत नाही. शिवाय माणूस पोषणाचा प्राध्यापक, विद्यार्थ्यांना दाखवायचं म्हणून मोजून खाणारा. आपण संध्याकाळी सात वाजता बँकेतून दमून येतो तेव्हा फरसाणाच्या डब्यात हात घालताना कसलं मोजमाप आणि कसलं काय.

म्हणून मला २०१९ चा प्रयोग जास्त कामाचा वाटतो. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे तिथेच राहायला ठेवलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अल्ट्रा-प्रोसेस्ड खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, शिजवलेलं. समोर मांडलेल्या जेवणात दोन्हीकडे कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच ठेवलं होतं आणि सांगितलं होतं की पाहिजे तेवढं खा, नको ते ठेवा. तर पाकिटातल्या खाण्यावर तीच माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वाढली, आणि साध्या खाण्यावर तेवढीच उतरली. त्यांना कोणी जास्त खा म्हणालं नव्हतं, त्यांना ते कळतही नव्हतं, फक्त ते खाणं पटापट पोटात जात होतं.

म्हणजे वजन हललं ते कॅलरीनेच, पण किती कॅलरी आत जाणार हे ठरवलं ताटातल्या पदार्थांनी. मिस्टरांना एवढंच सांगा की स्टेशनबाहेर उभ्या उभ्या दोन वडापाव पाच मिनिटांत संपतात आणि तासाभराने परत काहीतरी हवं असतं, आणि त्याच कॅलरीत ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर ताक बसतं जे चावून संपवायलाच वीस मिनिटं लागतात आणि चार तास भुकेची आठवण येत नाही. ॲपला दोन्ही सारखंच दिसतं.

त्यात प्रोटीनचा भाग वेगळा आहे. प्रोटीन पचवायलाच त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, कार्बोहायड्रेटला ५ ते १० आणि फॅटला जेमतेम ३ पर्यंत. हा फरक काही चमत्कार करत नाही, प्रोटीनचा खरा फायदा हा की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. काट्यावर दोन किलो कमी दिसले त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे काटा सांगत नाही. आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, चारला चहा-टोस्ट, रात्री वरणभात आणि ते वरणसुद्धा असं पातळ की डाळ शोधावी लागते. १२०० कॅलरीत हेच थोडं थोडं खाल्लं तर कॅलरी बसतील पण प्रोटीन ३०-३५ ग्रॅमच्या पुढे जाणं कठीण. तुम्ही दोन्ही जेवणात घट्ट डाळ किंवा उसळ, एकदा दही किंवा पनीर, खात असाल तर अंडी-मासे असं धरून रोज वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम तरी प्रोटीन गाठा (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून).

आता तुमचं अडलंय कुठे. राग मानू नका पण माझा पहिला संशय फोडणीवर आहे. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, "आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या १० जणांच्या शरीराचा कॅलरीचा खर्च आणि खाणं प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजलं, तर ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होते. त्यांचं मेटाबॉलिझम नॉर्मल निघालं. ती माणसं खोटारडी नव्हती, आपल्याला हातातोंडाचा हिशेब लागतच नाही. तुम्ही ॲपमध्ये "वांग्याची भाजी एक वाटी" टाकता, पण ॲपने कोणाच्या घरची भाजी धरलीय? एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. आणि आपण फोडणी डोळ्यांनी घालतो, त्यात भाजीवर तेलाचा तवंग आला नाही तर सासूबाईंना भाजी झाल्यासारखी वाटत नाही, ते वेगळंच.

त्यापेक्षा सोपा हिशेब सांगते, वाटीवाटी मोजायची गरज नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज साधारण ३४५ कॅलरी नुसत्या तेलातून जातात, त्यात तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं धरलेलं नाही. तुमचा कॅन किती दिवस पुरतो ते बघा, बाकी तुम्हालाच दिसेल. अर्थात बाहेरच्या खाण्यातलं तेल यात येत नाही.

दुसरं, सुरुवातीचं झरझर उतरलेलं वजन बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी केलं की ते दोन्ही निघून जातं आणि आपण पेढे वाटतो. नंतर चरबी हळूहळू कमी होत असली तरी पाळीच्या आधी, लोणचं-पापड जास्त झाल्यावर, झोप झाली नाही तर पाणी धरून ठेवलं जातं आणि काटा तिथेच दिसतो. म्हणून गेल्या पाळीच्या आणि या पाळीच्या त्याच दिवसांच्या वजनाची तुलना करा आणि कंबर मोजा. तिसरं, वजन कमी झालं की शरीराचा खर्चही कमी होतो, शिवाय कमी खाणारा माणूस नकळत हालचाल कमी करतो, लिफ्ट घेतो, बसल्या जागेवरून पोराला पाणी मागतो. ॲप हे काही मोजत नाही. आणि खरंच १२०० च खात असाल तर ते तुमच्या वयाला, नोकरीला कमी आहे, असं फार दिवस चालत नाही, मग शनिवार-रविवारी सगळं वसूल होतं. १४००-१५०० खरेखुरे खाल्लेले बरे.

जाऊबाई आणि मैत्रीण. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत (मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकारांची) म्हणजे कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण उरकायचं. ते पाळलं की मधला गोड चहा, बिस्किट, ऑफिसातल्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आपोआप बंद. कॅलरी मोजल्या नाहीत तरी कमी झाल्याच. दिवेकरांचा भर घरच्या, आपल्या भागातल्या खाण्यावर, तिथे पाकिटं सुटतात, आणि भूक अनावर व्हायच्या आत खाल्लं की काही जणांचं रात्रीचं तुटून पडणं थांबतं. या दोघांवरून सहा-सात वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरात वाद झाले, दोन पक्ष पडल्यासारखे, पण वजनाचा रस्ता दोन्हीकडे तोच आहे, कमी कॅलरी, फक्त वेगळ्या दाराने.

इन्सुलिनचं म्हणाल तर ते चरबी साठवायला मदत करतं हे खरंच आहे. पण त्यावरून कोणाला कुठला आहार लागू पडेल ते ठरतं का? स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने ६०९ जणांवर वर्षभर बघितलं, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. अर्ध्यांना लो-फॅट, अर्ध्यांना लो-कार्ब. सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरले, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही, आणि कोणाचं इन्सुलिन कसं आहे, जीन्स कसे आहेत यानेही फरक पडला नाही. गंमत म्हणजे त्यांना कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं, भाज्या भरपूर खा, साखर-मैदा सोडा आणि शक्यतो घरचं खा एवढंच दोन्ही गटांना सांगितलं होतं, तेवढ्यावर त्यांचं खाणं दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरीने घटलं. प्रत्येक गटात कोणाचे खूप उतरले, कोणाचे उलट वाढले. म्हणून तुम्हाला जमेल ते धरा. फक्त डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन वेळच्या जेवणाचा प्रयोग डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

प्रश्न (पुणे, आयटी, वय २९): माझं वजन नॉर्मल आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.५. पण शर्टाच्या बटणांवर ताण येतो आणि कंपनीच्या चेकअपमध्ये शुगर बॉर्डरला आली. कॅलरी कमी करू का? घरचे म्हणतात आधीच काडी आहेस.

उत्तर: तुमच्याच गावातलं उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय सेम टू सेम २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी पोटात, असा प्रकार फार, म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ ला जास्त वजन धरतात आणि कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमी ही मर्यादा धरतात. टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता (हे सांगावं लागतं) मोजा.

तुमच्यासाठी नुसतं खाणं कमी करणं हा अर्धवट उपाय ठरेल, आहेत तेही स्नायू जातील. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायचा व्यायाम, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, प्रोटीन वाढवणं आणि कॅन्टीनचा गोड चहा, कोल्ड्रिंक, रात्री उशिराचं ऑर्डर केलेलं खाणं यांना कात्री. त्यातून कॅलरी थोड्या कमी होतील तेवढ्या पुरे. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, आणि डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचं टाळू नका.

प्रश्न (रत्नागिरी, निवृत्त शिक्षिका): साखर सोडून गूळ घेते, सकाळी मध-लिंबूपाणी घेते, सोमवार आणि चतुर्थीचा उपवास असतो, बदामही खाते. तरी वजन वाढतंच आहे. असं कसं?

उत्तर: बाई, गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत नाव घेण्यासारखा फरक नाही, उलट गूळ आहे म्हणून चमचा भरून घातला जातो. मधाच्या मोठ्या चमच्यात ६० कॅलरी असतात, मधाने चरबी वितळत नाही, आवडतं म्हणून घेत असाल तर छोटा चमचा घ्या.

बदामाचं मात्र बरं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मोजलं तेव्हा अख्ख्या बदामांच्या २८ ग्रॅममधून पाकिटावरच्या १७० ऐवजी १२९ च कॅलरी शरीराला मिळत होत्या, कारण नीट न चावलेल्या तुकड्यांमधलं फॅट तसंच बाहेर जातं. पण वाटून लोणी केलं की जवळजवळ सगळ्या मिळतात. यावरून खिचडीतल्या कुटाचा अंदाज करा.

तुमची मुख्य गडबड उपवासातच दिसतेय. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, १०० ग्रॅमला ३५० कॅलरी आणि प्रोटीन नावालाही नाही, त्यात तूप, कूट, तळलेला बटाटा, आणि उपवास म्हणून दुपारी वेफर्स आणि रात्री राजगिऱ्याचा लाडू. साध्या दिवसापेक्षा उपवासाला जास्त जातं. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. वरीचा भात घ्या, त्यावर शेंगदाण्याची आमटी वाटीभरच, सोबत दही किंवा ताक, संध्याकाळी उकडलेलं रताळं आणि एखादं फळ. खिचडी करायचीच तर महिन्यातून एकदा, चतुर्थीला, आणि ताटलीत वाढून घेऊन कढई आत ठेवून या.