थंड प्रदेशातल्या पुष्कळ जंगलांत जमीन खडीची, पाणी न धरणारी असते, मग झाडं जगतात कशी?

आपल्या सोलापूरच्या काळ्या रानाशी ताडून बघा, लगेच कळेल. इथली चिकणमाती पाऊस पोटात धरून ठेवते, म्हणून मालदांडी ज्वारी रब्बीत नुसत्या ओलीवर येते. फिनलंड-स्वीडनच्या पुष्कळ जंगलांत उलटं आहे. हिमयुगातल्या बर्फाने आणि त्याच्या वितळत्या पाण्याने आणून टाकलेली वाळू न् खडी, बारीक कण कमी. आपल्या मुरमाड माळासारखं पाणी झरझर खाली जातं.

तिथे खड्डा खणला की बघण्यासारखं असतं. वर पाइन-स्प्रूस झाडांच्या अर्धवट कुजलेल्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, कारण थंडीत कुजणं फार संथ. त्याखाली चक्क राखेच्या रंगाचा थर: आम्लयुक्त पाण्याने तिथलं लोह, ॲल्युमिनियम धुऊन नेलेलं असतं. तेच खाली साचून तांबूस-तपकिरी पट्टा होतो. या मातीला पॉडझॉल म्हणतात. सामू (pH; ७ च्या खाली म्हणजे आम्ल) बहुधा ४ ते ५. आपल्या काळ्या मातीचा ८ च्या आसपास.

झाडं तगतात ती थंडीमुळे बाष्पीभवन कमी म्हणून, आणि मुळांशी जोडलेली बुरशी सुयांच्या थरातून अन्न ओढून देते म्हणून. तो थर खरवडून नेला तर खालच्या खडीत फारसं काही उरत नाही.