तुमचा तक्ता आणि तिचं एक पान

पत्र: माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के, गणित उत्तम. तिच्यासाठी आम्ही कॉम्प्युटर इंजिनीअरिंग नक्की केलं आहे. अलीकडे तिनं इंटरफेस डिझाइनचं (म्हणजे ॲपचे, वेबसाइटचे पडदे आखायचं) खूळ डोक्यात घेतलंय. तिला धड चित्रसुद्धा काढता येत नाही! शिवाय ॲपला रंगरंगोटी करायचं हे काम उद्या एआय करेल. मी नऊ कोर्सेसचा तुलनात्मक तक्ता करून तिला दिला. तो अभ्यासायचा सोडून तिनं अख्खी दुपार घालवून तोच मजकूर वेगळा मांडला. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. तक्ता पाहून तुमचीही खात्री पटेल. कृपया तिची समजूत काढा. – एक पालक

उत्तर:

नमस्कार.

समजूत काढायचं काम मी घेत नाही, हे आधी सांगून टाकते. निर्णय घरी घ्यायचा आणि समुपदेशकाकडून त्यावर शिक्का मारून न्यायचा, अशी पत्रं मला नवी नाहीत. तुमच्या पत्रात मुलीचे टक्के आहेत, गणित आहे, खूळ आहे. तिला हे का करावंसं वाटतं, याबद्दल एक ओळ नाही. तुम्ही विचारलंत का तिला? विचारलं असतंत तर ते पत्रात आलं असतं, कारण बाकीचे तपशील तुम्ही अगदी बारकाईनं दिलेत. इंजिनीअरिंग नक्की करताना घरात कोण कोण बसलं होतं तेही कळत नाही. ती नव्हती, एवढं दिसतं.

आणि मला मार्कांची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती याची की मुलीनं एक चांगलं काम करून तुमच्यासमोर ठेवलं आणि तुम्ही ते तक्रारीचा पुरावा म्हणून मला पाठवलंत. पाठवलंत ते बरंच झालं म्हणा. दोन्ही कागद मी शेजारीशेजारी ठेवून नीट पाहिले.

आधी तुमचा तक्ता. नऊ ओळी, सोळा रकाने. उजवीकडे सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत पोचावं तोवर कोर्सचं नाव पडद्याबाहेर गेलेलं असतं. मग मागे यायचं, नाव बघायचं, आकडा डोक्यात धरून पुन्हा उजवीकडे जायचं. तेवढ्यात पहिला आकडा निसटतो. माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी टिकतात. कागदानं त्यातलं ओझं कमी करायचं असतं, तुमचा तक्ता ते वाढवतो. प्लेसमेंटचे टक्के दशांशचिन्हाच्या पुढे दोन आकड्यांपर्यंत दिलेत, त्यांचा निर्णयाला काडीचा उपयोग नाही. रंग सात. हिरवा म्हणजे चांगलं की सरकारी कॉलेज, हे मला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

खरी मेख तळाच्या ओळीत आहे. डिझाइनच्या कोर्सचा सुरुवातीचा पगार तुम्हाला सापडला नाही, म्हणून तिथे तुम्ही शून्य टाकलंत. मग सगळा तक्ता पगाराच्या उतरत्या क्रमानं लावलात. डिझाइन आपसूक तळाला गेलं! तुम्ही हे मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण आकडा ठाऊक नसणं वेगळं आणि पगार शून्य असणं वेगळं. तुमच्या तक्त्यानं दोन्ही एकाच मापात घातलं, आणि वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्गच ठेवला नाही.

आता तिचं पान. सोळा रकान्यांमधून तिनं पाच प्रश्न काढले: किती वर्षं, किती खर्च, सुरुवातीला पगार किती, प्रवेश मिळणं किती अवघड आणि नंतर वाट बदलता येते का. पहिल्या चारांची उत्तरं आडव्या पट्ट्यांनी दाखवली आणि सगळ्या पट्ट्या डावीकडच्या एकाच उभ्या रेषेपासून सुरू केल्या. त्यामुळे कोणती लांब, कोणती आखूड हे वाचावं लागत नाही, नजर टाकली की दिसतं. १९८४ साली विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून हेच तपासलं होतं: एका समान मापपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ताडतो, कोन आणि क्षेत्रफळ ताडताना बराच चुकतो. वर्तुळाच्या फोडी (पाय चार्ट) करायचा मोह मोठमोठ्या कार्यालयांना आवरत नाही, तिला आवरला. प्रत्येक पट्टीचं नाव पट्टीलाच चिकटून आहे, कोपऱ्यातल्या रंगसूचीकडे डोळे पळवावे लागत नाहीत. आणि तुमच्या शून्याच्या जागी तिनं लिहिलंय, ‘माहिती मिळाली नाही.’

प्रवेश किती अवघड, या प्रश्नाखाली सगळ्यांत लांब पट्टी डिझाइनची आहे, कारण चांगल्या संस्थांमध्ये जागा थोड्या. ती पट्टी तिनं लपवली नाही, मापपट्टी बदलून आखूडही केली नाही. स्वतःच्या हट्टाविरुद्ध जाणारी गोष्ट इतक्या ठळकपणे मांडायला मोठ्यांनासुद्धा जमत नाही. यावर तुमचं म्हणणं काय, तर अख्खी दुपार घालवली.

चित्र येत नाही, या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण घरोघरी हेच घोडं पेंड खातं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि उतरल्यावर पोटावर आपटत. वैमानिक पंखांच्या झडपा मिटायला जाई आणि चुकून चाकंच आत ओढून घेई. अहवालात लिहिलं जाई, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चपॅनिस यानं कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं, तर चाकांचा आणि झडपांचा खटका शेजारीशेजारी, दिसायला आणि हाताला सारखेच. त्यानं एकावर रबरी चाक बसवलं आणि दुसऱ्यावर पाचरीसारखी मूठ. अंधारात, दमलेल्या हातालाही फरक कळू लागला आणि ही भानगड थांबली. विमानात चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकाच्या आकाराचीच असते. हा चपॅनिस चित्रकार नव्हता, मानसशास्त्रज्ञ होता. या क्षेत्राला माणूस कुठे चुकतो ते पाहणारी आणि चुकणाऱ्याला दोष न देणारी माणसं लागतात. हात चांगला असेल तर दुधात साखर, नसेल तर प्रवेशापुरतं रेखाटन सरावानं येतं.

रंगरंगोटीबद्दलही तुमचा अंदाज चुकतोय. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीमध्ये वयस्क मतदारांना वाचता यावं म्हणून मतपत्रिकेवरची अक्षरं मोठी केली. हेतू चांगलाच होता. अक्षरं मोठी झाल्यावर नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती डाव्या-उजव्या अशा दोन पानांवर पसरली आणि मत देण्यासाठी टोचायची भोकं मधल्या रांगेत आली. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. मधल्या रांगेतलं दुसरं भोक मात्र उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं, गोर यांचं तिसरं. सुमारे १९ हजार मतपत्रिका एकाहून जास्त भोकं पडल्यामुळे बाद झाल्या आणि ब्युकॅनन यांना त्या काउंटीत अनपेक्षितपणे ३,४०० हून अधिक मतं पडली. बुश यांनी फ्लोरिडा जिंकलं ते ५३७ मतांनी. त्या कागदावर रंगाचा एक ठिपकाही जास्त लागला नसता. नाव आणि भोक एका ओळीत आणायची गरज होती, एवढंच.

एआयचं म्हणाल तर बटणं आणि चौकटी काढून देण्याचं काम ते आत्ताच करतंय. जी मुलं फक्त तेवढंच शिकून बाहेर पडतील त्यांचे हाल होतील, हे मी डिझाइनच्या मागे लागलेल्या प्रत्येक मुलाला सांगते. पण तुमचे सोळा रकाने एआयला दिलेत तर ते सोळाच्या सोळा सुंदर करून देईल. पाचच ठेवायचे, हे ठरवायला कोणासाठी ठेवायचे ते माहीत असावं लागतं. आणि हाच तर्क लावायचा तर कोड लिहिणं एआयला येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?

वाटांबद्दल थोडक्यात: बारावीच्या कोणत्याही शाखेतून यूसीड (डिझाइनच्या पदवीची प्रवेशपरीक्षा) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही प्रवेशपरीक्षा देता येते, आणि आधी इंजिनीअरिंग केलं तरी सीड या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं. म्हणजे तुम्ही उभा केलेला ‘हे किंवा ते’ हा सामना मुळात तेवढा अटीतटीचा नाही.

तिला मी शंभर टक्के पास केलंय असं मात्र समजू नका. पानावर दोन ढोबळ चुका आहेत. खालच्या टिपा तिनं फिकट करड्या रंगात, बारीक अक्षरात दिल्यात. दिसायला छान, वाचायला त्रास. वेबवरच्या मजकुरासाठी सुलभतेचा जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, तो साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका फरक मागतो. हा करडा त्याच्या जवळपासही नसावा. तरुण डोळ्यांना हे जाणवत नाही, चाळिशी लागलेल्यांना जाणवतं, आणि पान तर तुमच्यासाठी होतं. दुसरी चूक ओळींमधल्या अंतराची. इंग्रजीचं अंतर तिनं देवनागरीला तसंच ठेवलंय. आपल्याला वर वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांत घुसलेत.

दोन्ही चुका एकाच कारणानं झाल्या: पान पूर्ण झाल्यावर ते कोणाला वापरायला देऊन तिनं पाहिलं नाही. तेव्हा आता तुम्हीच बसा. तिनं पान तुमच्यासमोर ठेवावं आणि एक काम द्यावं, उदाहरणार्थ, चार वर्षांत संपणारा आणि नंतर वाट बदलू देणारा कोर्स शोधा. तुम्ही मनात येईल ते मोठ्यानं बोलत शोधायचं. तिनं गप्प बसायचं, काहीही समजावून सांगायचं नाही, तुम्ही जिथे अडखळाल तिथे फक्त खूण करायची. तुम्हीही त्या वेळात पगार, स्कोप, शेजाऱ्यांचा मुलगा हे विषय काढायचे नाहीत. या व्यवसायात लोक बराच वेळ हेच करत असतात, आणि हे बरंचसं कंटाळवाणं असतं.

तुमच्या अडखळण्यावर ती वैतागली, ‘एवढंही कळत नाही का’ म्हणाली, तर घाई करू नका, इंजिनीअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत तिला अजून विचार करू द्या. खुणा घेऊन पुन्हा कामाला बसली तर बारावीला गेल्यावर जेईईच्या बरोबरीनं यूसीडचाही फॉर्म भरा. परीक्षा जानेवारीत असते, अर्ज त्याआधी काही महिने निघतात, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. सुधारलेलं पान तिनंच मला पाठवावं. सोबत तिला हे का करायचंय ते तिच्या शब्दांत लिहावं, आणि ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही तपासू नये.