वास्तुकलेच्या प्रबंधासाठी भारताचा दूतावास आखतोय. सुवर्ण विधानसौधासारखे (बेळगावातली कर्नाटक विधिमंडळाची इमारत) घुमट लावावेच लागतील का?

नाही, अजिबात नाही. इथे बेळगावात दरवर्षी मुलांचे प्रबंध तपासतो, त्यात निम्म्यांवर घुमट नाहीतर कळस असतोच. ओळख दगडातून, सावलीतूनही येते. दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासात (१९५९) अमेरिकी वास्तुकार एडवर्ड ड्युरेल स्टोनने उन्हासाठी जाळीच्या भिंती आणि मधोमध पाण्याचं अंगण घेतलं. बर्लिनमधल्या आपल्या दूतावासाला लाल वालुकाश्म भारतातून नेला, आणि गंमत म्हणजे वास्तुकार जर्मन! इथल्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन मंदिराचं, छत जरूर बघ, पण उचलून चिकटवू नकोस. फक्त सुरक्षेचं आधी बघ: रस्त्यापासून अंतर, व्हिसावाल्यांची वेगळी वाट. ते राहिलं तर परीक्षक पहिल्यांदा तिथेच धरतील.