धातू इलेक्ट्रिक फील्डमध्ये ठेवला की आतलं फील्ड झिरो का होतं? सगळे इलेक्ट्रॉन एका बाजूला पळतात का?

नाही, सगळे अजिबात पळत नाहीत, इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. तांब्यात एका घन सेंटीमीटरमध्ये साधारण ८.५ × १०^२२ मोकळे इलेक्ट्रॉन असतात, बाहेरून फील्ड लावलं की ते फील्डच्या उलट दिशेला किंचित सरकतात, मग एका पृष्ठभागावर निगेटिव्ह चार्ज साठतो आणि समोरच्यावर इलेक्ट्रॉन कमी पडल्यामुळे पॉझिटिव्ह उरतो. आता या दोन थरांचं स्वतःचं फील्ड तयार होतं, ते बाहेरच्याच्या बरोबर उलटं, आणि जोपर्यंत आत जरा जरी फील्ड शिल्लक आहे तोपर्यंत इलेक्ट्रॉन सरकतच राहणार ना, म्हणून बेरीज झिरो झाली की मगच थांबतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं.

किती सरकतात ते बघा: मीटरला १ लाख व्होल्टचं फील्ड, पत्रा त्याला आडवा, तरी पृष्ठभागाच्या १ चौरस सेंटीमीटरवर फक्त ५५ कोटीच्या आसपास जादा इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे लाखो अणूंमागे जेमतेम एक! त्यामुळे इलेक्ट्रॉन संपायचा प्रश्नच नाही.

फक्त बॅटरी जोडलेल्या वायरला हे लावू नका, तिथे बॅटरी चार्ज फिरवत ठेवते त्यामुळे आत फील्ड असतंच.