बारावीच्या आधी मुलीला गाडी द्यावी का?

ताई, तुमची लेक अकरावीला गेली, सोळा पूर्ण झाली. राहायला कुंभारीच्या घरकुलात, कॉलेज सात रस्त्याजवळ आणि संध्याकाळचा क्लास जुळे सोलापुरात. वर्गातल्या बऱ्याच मुली गाडीवर येतात, तर आपणही घेऊन द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. गाडी शिकवणं हाच माझा धंदा आहे, तरी सांगतो, अठरा पूर्ण होईपर्यंत देऊ नका.

कायद्याचं आधी उरकतो. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं असतं. शोरूममधल्या स्कूटरी ११०-१२५ सीसीच्या, त्या यावर चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन पोराकडून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. समोरच्याला इजा झाली तर विमा कंपनी भरपाई देऊनही ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा त्याच्या वडिलांनाही अटक झाली होती.

पण मला जास्त धास्ती रस्त्याची वाटते. तोल सांभाळणं, ब्रेक मारणं पोरांना चार दिवसांत जमतं आणि घरचे म्हणतात, "आली गाडी!" गळीत हंगामात संध्याकाळी सात वाजता तुमच्या कुंभारीवरून जाणाऱ्या अक्कलकोट रोडला उभं राहून बघा. उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला. ट्रॅक्टर हळू चाललाय म्हणून पोर ओव्हरटेकला निघतं. ट्रॉल्यांची लांबी संपता संपत नाही, समोरून एसटीचा लाईट डोळ्यांवर येतो, आणि ब्रेक मारून मागं यायचं सोडून पोर रेस पिळतं. मुरलेला माणूस समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत मुळात बाहेरच पडत नाही. हा धीर वयानं आणि सरावानं येतो. त्यात मागं मैत्रीण बसलेली असली की "अगं काढ ना, जाईल!" चालूच.

अमेरिकेत सोळाव्या वर्षी गाडी मिळते, असा दाखला नेहमी देतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत आधी कित्येक महिने मोठ्या माणसाला शेजारी बसवून चालवावी लागते, आणि लायसन्स मिळाल्यावरही सुरुवातीला रात्रीच्या प्रवासावर आणि सोबत मित्र बसवण्यावर बंधनं असतात. आपल्याकडे किल्ली दिली की सगळंच दिलं.

तुमची अडचण खरी आहे. सिटीबसचा भरवसा नाही, आणि अंधार पडल्यावर मुलगी रिक्षाची वाट बघत थांबलीय म्हटलं की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. घरकुलातल्या चार मुली मिळून ओळखीची रिक्षा महिन्यावर ठरवा. क्लास कॉलेजजवळचा, दिवसाच्या बॅचचा बघा. नावाजलेला क्लास सोडायला जिवावर येईल, तरी मी तो सोडेन.

बॅटरीची गाडी घ्यायचं मनात असेल तर ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅट, या दोन्हींच्या आतली असेल तरच लायसन्स लागत नाही. "कागदपत्रं काही लागत नाहीत" म्हणत त्याहून वेगाची गाडी गळ्यात मारणारे आहेत, म्हणून गाडी या मर्यादेत बसते असा मान्यतेचा कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि तीही घराच्या आसपासच, मोठ्या रस्त्याला नको.

आत्तापासून एक मात्र करा. घरच्यांच्या मागं बसताना तिला हेल्मेट घालायला लावा आणि विचारत राहा, तो रिक्षावाला आता कुठं वळेल, त्या उभ्या गाडीचं दार उघडेल का? अठरा झाली की लर्निंग काढा, पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनी देता येते. तोवर मागं लायसन्सवालं माणूस हवंच. पक्कं हातात आल्यावरही पहिले काही महिने दिवसाउजेडी आणि एकटीनंच चालवू दे. उसाच्या गाड्या चालू असतील तोवर अक्कलकोट रोडला तिला पाठवू नका.