दिसते स्वच्छ, मग डोळ्याचा फोटो कशासाठी?

प्रश्न : माझे वडील एसटीत चालक होते. वय ६७, मधुमेह १४ वर्षांपासून. तालुक्याच्या गावी झालेल्या शिबिरात यंत्रावर हनुवटी टेकवून त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचे फोटो काढले. थेंब घातले नाहीत, डॉक्टरही तेथे नव्हते. मिळालेल्या कागदावर उजव्या डोळ्यासमोर ‘तज्ज्ञांकडे पाठवावे’ आणि डाव्यासमोर ‘फोटो वाचण्यायोग्य नाही’ असा शेरा आहे. वडील म्हणतात, “समोरून येणाऱ्या गाडीची पाटी मी तुझ्याआधी वाचतो, आणि डाव्या डोळ्यात तर काही निघालेलेच नाही.” त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : पाटी वाचण्याचे काम पडद्याच्या मध्यावरचा एक इवलासा भाग करतो. मधुमेहाचा त्रास मात्र पडद्यावर पसरलेल्या केशवाहिन्यांत सुरू होतो. त्यांच्या भिंती कमकुवत होऊन ठिकठिकाणी सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त आणि स्निग्ध द्रव झिरपतो, आणि फोटोत हे सारे लाल ठिपके व पिवळसर कण म्हणून दिसते. सूज मध्यापर्यंत पोहोचत नाही तोवर अक्षर पुसट होत नाही. काही वेळा तर पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि रुग्णाला त्यांचा पत्ताच नसतो. मग एखाद्या सकाळी डोळ्यापुढे काळी जाळी तरंगू लागते, म्हणजे त्या फुटून रक्त आत उतरलेले असते. फोटो काढायचा तो या सकाळच्या बराच आधी, कारण लेसरने किंवा डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी उरलेली नजर राखता येते, गेलेली पुरती परत मिळेलच असे नाही.

डाव्या डोळ्याबद्दल वडिलांचा जो समज झाला आहे, तो मला अधिक चिंतेचा वाटतो. ‘वाचण्यायोग्य नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही. त्या डोळ्याची तपासणीच झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. असे का झाले असावे, याचा अंदाज करता येतो. शिबिरात बहुधा उजवा डोळा आधी घेतात. फ्लॅशचा झोत एका डोळ्यावर पडला, तरी बाहुल्या दोन्ही डोळ्यांच्या आकसतात, आणि मागे लांब रांग असली की अंधारात चार-पाच मिनिटे बसवून त्या पुन्हा मोठ्या होऊ देण्याइतकी सवड तंत्रज्ञाला मिळत नाही. शिवाय वय आणि जुना मधुमेह यांमुळे बाहुली मुळातच लहान असते, आणि मोतीबिंदू असल्यास फोटो दुधी काचेतून काढल्यासारखा येतो. म्हणून अशा डोळ्याचा फोटो थेंब घालून पुन्हा काढावा, नाहीतर तज्ज्ञांनी तो डोळा प्रत्यक्ष तपासावा. इंग्लंडच्या सरकारी कार्यक्रमातही फोटो वाचता न आल्यास रुग्णाला पुढच्या तपासणीसाठी बोलावतात.

कागदावरचा शेरा कदाचित संगणकानेच दिला असेल. त्याने बिचकण्याचे कारण नाही. अमेरिकेत फोटो वाचणाऱ्या अशा एका संगणक प्रणालीला २०१८ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, आणि मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाईलवर फोटो घेऊन तेथेच, इंटरनेटवाचून, शेरा देणाऱ्या प्रणालीची चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र अडखळते ते बहुतेक वेळा खराब फोटोपाशी. थायलंडच्या दवाखान्यांत गुगलची प्रणाली वापरली गेली, तेव्हा दर पाचांत एकाहून अधिक फोटो तिने दर्जा कमी म्हणून परत केले, आणि त्यामागे खोलीतला उजेड हे एक कारण होते. अर्थात अशी शिबिरातली प्राथमिक चाळणी म्हणजे निदान नव्हे. ‘पाठवावे’ या शेऱ्याचा अर्थ लेसर ठरला असा नाही; तज्ज्ञ पडदा पाहतील, सूज मोजण्यासाठी ओसीटी (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र) काढतील, आणि कदाचित सहा महिन्यांनी परत यायला सांगतील. त्या दिवशी थेंबांमुळे काही तास जवळचे पुसट दिसते, तेव्हा वडिलांनी दुचाकी घरी ठेवावी. (निवृत्त चालकाला हे सांगणे अवघड जाईल, याची मला कल्पना आहे.)

प्रश्न : माझी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. मधुमेह तिलाही आहे आणि मलाही. डोळ्याच्या फोटोसाठी तिला आता दोन वर्षांनी बोलावले आहे. इथे मला मात्र दरवर्षी फोटो काढायला सांगतात. हा खर्च वाढवण्याचा प्रकार तर नव्हे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नव्हे. इंग्लंडमध्ये २००३ पासून १२ वर्षे व त्यावरील वयाच्या मधुमेहींना नोंदवहीनुसार बोलावून घेतले जाते, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ज्यांचे लागोपाठ दोन अहवाल निर्दोष आले त्यांच्यासाठी हे अंतर दोन वर्षांचे झाले. तारीख चुकली तर तिकडे पत्र येते. आपल्याकडे तसे पत्र धाडणारे कोणी नाही, आणि दोन वर्षांचे अंतर पाहता पाहता पाच वर्षांचे होते; म्हणून वर्षाचा नेम बरा. तुमचा मधुमेह टाइप २ असेल, तर पहिला फोटो निदान झाले त्याच वेळी हवा होता, कारण हा आजार लक्षात येण्यापूर्वी कित्येक वर्षे शरीरात असू शकतो. टाइप १ मध्ये पहिल्या पाच वर्षांच्या आत तपासणी सुरू केली तरी चालते. मात्र आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भारपणात पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासून घ्यावा. आणखी एक : या फोटोत डोळ्याचा दाब मोजला जात नाही, तेव्हा घरात काचबिंदू असल्यास दाबाची तपासणी वेगळी करून घ्यावी.